सकाळचा अर्धा तास: सूर्यनमस्कार की आनापान?

कामाला लागण्याआधी रोज अर्धा तास स्वतःसाठी काढायचा, असं ठरवलं की आपल्याकडे साधारण दोन वाटा समोर येतात. सूर्यनमस्कार घालायचे, नाहीतर डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायचं, म्हणजे आनापान करायचं. दोन्हीला पैसे लागत नाहीत. "दोन्ही करा की!" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण मला ते पटत नाही. अर्ध्या तासात दोन नव्या गोष्टी कोंबल्या की घरी पाहुणे आल्या दिवशी दोन्ही सुटतात. आधी एकच धरावी, आणि ती धरताना आपली सकाळ नेमकी कुठे अडते ते बघावं.

काहींना उठवतच नाही. गजर बंद होतो, पुन्हा डोळा लागतो आणि मग डबा, आंघोळ, लोकल अशी सगळी पळापळ. काही जण मात्र पाचलाच टक्क जागे असतात, पण कालचं भांडण, आजची मीटिंग आणि महिनाअखेरचा हप्ता एकदमच डोक्यात शिरतात. पहिल्याला शिस्त हवी आहे, दुसऱ्याला डोकं शांत व्हायला हवं आहे.

शिस्तीसाठी माझं मत निःसंशय सूर्यनमस्कारांना. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू पुरता जागा झालेला नसतो. अशा वेळी मांडी घालून बसलं की डुलकी लागते, पण उभं राहून हात वर ताणले की झोप टिकत नाही. शिवाय नमस्कार मोजता येतात. बारा घातले की बारा झाले, त्यात मनाची फसवणूक नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. साधनं लागत नाहीत, सतरंजीएवढी जागा पुरते, लहानथोर सगळ्यांना जमतात. इतकी सुटसुटीत दुसरी व्यायामपद्धत मला तरी माहीत नाही.

सावकाश घातले तर बारा नमस्कारांना दहाएक मिनिटं लागतात. पाचव्या-सहाव्याला अंग कुरकुरायला लागतं. भुजंगासनातून पर्वतासनात जाताना टाचा टेकत नाहीत, मांड्यांच्या मागे ओढ बसते, घामाचा थेंब सतरंजीवर पडतो. नेमका इथेच वेग वाढवून उरकून टाकावंसं वाटतं. वेग वाढला की श्वास तोंडानं सुरू होतो, तळवे जागा सोडतात आणि भार कमरेवर येतो. 'ॐ मित्राय नमः' पासून 'ॐ भास्कराय नमः' पर्यंत बारा नावं म्हणत घातले, तर आकडा वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही आणि वेगही आवरतो. घाईचा मोह होत असताना त्याच संथपणानं बारावा नमस्कार पुरा करणं, शिस्त रोज इथेच घडते.

आनापानाचं बळ वेगळं. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि विपश्यना ही ध्यानपद्धत शिकवू लागले; आनापान ही तिची पहिली पायरी. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं: पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. शुल्क नाही, सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. कृती ऐकायला अगदी साधी. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी इवलीशी जागा आहे, तिथे येणारा-जाणारा श्वास जाणायचा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, मुद्दाम बदलायचा नाही. जप नाही, मोजणी नाही, डोळ्यांपुढे मूर्तीही नाही.

मनाला धरायला काहीच दिलेलं नसल्यामुळे ते दोन-तीन श्वासांत निसटतं. दुधाचं बिल, ऑफिसात कोणी काय म्हटलं, मुलाची फी. निसटलंय हे लक्षात आलं की चिडचिड न करता परत त्या जागेवर यायचं. काही आठवडे हे नेमानं केलं की फरक दिवसा दिसतो: रागाचा मेसेज टाइप होतो, पण पाठवण्याआधी बोट थांबतं. डोकं स्वच्छ होणं म्हणजे माझ्या लेखी हेच, आणि ते नुसत्या नमस्कारांनी येताना मी फारसं पाहिलेलं नाही. अडचण एवढीच, की आज नीट झालं की नाही हे सांगणारा आकडा इथे नसतो. नवा माणूस "मला जमत नाही" म्हणून सोडतो, ते बहुधा याच कारणानं.

घर आणि शरीरही निवड ठरवतात. दोन खोल्यांत सहा माणसं, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही असेल, तर बसणं अवघड आणि नमस्कार सोपे. हर्निया, मणक्याची गादी सरकलेली, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार नकोत. गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर दहा दिवसांच्या शिबिराचा विचारही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा. अर्ज भरताना तशी माहिती विचारतात, ती लपवू नये.

एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला तब्बल २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून एक खाडा पडला की नेम मोडला असं समजून सगळंच सोडू नये.

तेव्हा उठण्याचीच मारामार असेल, तर बारा नमस्कारांनी सुरुवात करा. बारा जमत नसतील तर सहा. दोनेक महिन्यांत उठणं अंगवळणी पडलं, की घाम सुकेपर्यंत त्याच सतरंजीवर दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन बसा. अंग मोकळं झालेलं असल्यानं बसणं सोपं जातं आणि डुलकी येत नाही. ज्यांना जाग येते पण विचार सोडत नाहीत, त्यांनी तोंड धुऊन थेट बसावं, भिंतीला पाठ टेकली तरी चालेल. मोबाइल मात्र दोघांनीही रात्रीच दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्यावं. रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट धरू नये. झोप पूर्ण करून दुपारी दोनला उठलात, तर तीच तुमची सकाळ. फक्त जेवणाआधी, रिकाम्या पोटी करा.