प्रिंटरचा आयपी शोधायला अवाही-ब्राउझ: वापरून बघितलं, आता हेच

नेटवर्कवरचा प्रिंटर अचानक गायब होतो ना, म्हणजे कालपर्यंत छान छापत होता आणि आज जॉब नुसता अडकून पडलाय, त्यासाठी अवाही-ब्राउझचा, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांची यादी देणाऱ्या लिनक्स कमांडचा, हा रिव्ह्यू. माझ्याकडे राउटर रीस्टार्ट झाला, डीएचसीपीने (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि लिनक्स मशीन बिचारं जुन्याच पत्त्यावर पाठवत बसलं. प्रिंटरच्या स्क्रीनवर मेनूमध्ये शिरून आयपी बघता येतो, पण प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर आणि मी एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरायची सोय) मशीनवर, त्यामुळे जे काही करायचं ते टर्मिनलमधूनच.

आधी सगळ्यांसारखं एलपीस्टॅट -व्ही मारलं. कप्स (लिनक्स-मॅकची छपाईची यंत्रणा) असलेल्या कुठल्याही मशीनवर, मॅकवरसुद्धा, ही कमांड मिळते आणि प्रत्येक प्रिंटरपुढे त्याचा डिव्हाइस यूआरआय, म्हणजे जॉब जिथे पाठवायचा तो पूर्ण पत्ता, दाखवते. तिथे सॉकेट किंवा एलपीडीने सुरू होणारा पत्ता असेल तर बहुतेक वेळा आयपी समोरच दिसतो, काम झालं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ही कमांड सेटअपच्या वेळी जे लिहून ठेवलं तेच दाखवते, प्रिंटर आत्ता कुठे आहे ते नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. दुसरी, यूआरआय डीएनएसएसडीने (नावावरून उपकरण शोधायची पद्धत) सुरू होत असेल तर त्यात प्रिंटरचं नुसतं नाव असतं, आकडे नसतातच.

मग अवाही-ब्राउझ. डेबियन-उबुंटूवर अवाही-युटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतं. कमांड एवढीच: अवाही-ब्राउझ -आरटी _आयपीपी._टीसीपी. आर म्हणजे नुसतं नाव नको, पत्ता शोधून दे, आणि टी म्हणजे यादी संपली की बाहेर पड, टी विसरलात तर ती ऐकतच बसते. उत्तर काही सेकंदात येतं आणि त्यात होस्टनेम, आयपी, पोर्ट (आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलला ६३१) असं सगळं सुटसुटीत असतं. मला सगळ्यात आवडली ती खालची टीएक्सटी ओळ, म्हणजे प्रिंटरने स्वतःबद्दल दिलेली माहिती, तिच्यात मॉडेल असतं, कुणी भरून ठेवलं असेल तर 'नोट'मध्ये प्रिंटर कुठे ठेवलाय तेही दिसतं. एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर असतील तर कुठला आपला ते यावरूनच कळतं, याला तोड नाही. आयपीपीवर काही मिळालं नाही तर _पीडीएल-डेटास्ट्रीम._टीसीपी टाकून बघा, ते ९१०० पोर्टवाल्यांसाठी.

आता खटकलेल्या गोष्टी. एकच प्रिंटर तीन-चार वेळा दिसतो, आयपीव्ही४ची ओळ वेगळी, आयपीव्ही६ची वेगळी, वायर आणि वायफाय दोन्ही चालू असतील तर अजून दुप्पट, पहिल्यांदा बघणारा गोंधळणारच. आणि हे सगळं एमडीएनएसवर (एकाच नेटवर्कमध्ये नावं शोधायची पद्धत) चालतं, म्हणजे यूडीपी पोर्ट ५३५३, आणि ते राउटर ओलांडत नाही. प्रिंटर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) असेल, गेस्ट वायफायवर असाल किंवा फायरवॉलने ५३५३ बंद केला असेल तर यादी रिकामी येते, आणि का रिकामी ते कमांड अजिबात सांगत नाही. हा मला मोठा दोष वाटतो, मी एकदा अर्धा तास प्रिंटर बंद आहे असं समजून बसलो होतो. अवाही-डीमन (पाठीमागे चालणारी अवाहीची सेवा) चालू नसेल तेव्हा मात्र स्पष्ट एरर देते.

अशा वेळी एनमॅप, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठले पोर्ट उघडे आहेत ते तपासणारं साधन. पोर्ट ५१५, ६३१ आणि ९१०० देऊन पूर्ण सबनेट (नेटवर्कच्या त्या भागातले सगळे पत्ते) तपासायचं, सोबत --ओपन लावायचं म्हणजे उघडे सापडलेलेच दिसतात. राउटरच्या पलीकडेही पोचतं, हा त्याचा खरा फायदा. पण नेटवर्क आपलं नसेल तर आधी विचारून घ्या, स्कॅन बघून अ‍ॅडमिन लोक धावत येतात आणि त्यांचं बरोबरच आहे. शिवाय ६३१ उघडा म्हणजे प्रिंटरच असं नाही, कप्स शेअर करणारं कॉम्प्युटरही असू शकतं. एक बारकावा मला फार आवडला: पोर्टवर कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन आहे ते ओळखताना एनमॅप ९१०० पोर्ट मुद्दाम सोडून देतं, कारण काही प्रिंटर तिथे आलेलं काहीही सरळ कागदावर छापून टाकतात. --ऑलपोर्ट्स लावलं की एनमॅप ही खबरदारी घेत नाही, म्हणून ते लावू नका.

एआरपी -ए ही कमांड पण लोक सुचवतात, पण आपल्या मशीनचं ज्यांच्याशी नुकतंच बोलणं झालंय तेवढेच पत्ते त्यात असतात, माझा नवीन आयपी त्यात नव्हताच.

माझ्याकडून अवाही-ब्राउझला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या रिकाम्या यादीचा कापला. आयपी मिळाल्यावर मी तो कुठे लिहून ठेवला नाही, यादीत दिसलेलं .लोकल वालं होस्टनेमच एलपीअ‍ॅडमिनने (कप्समधली प्रिंटरची सेटिंग बदलायची कमांड) यूआरआयमध्ये टाकलं. त्यानंतर राउटर दोनदा रीस्टार्ट झालाय, जॉब व्यवस्थित जातायत.