वाळूजची टूलरूम की ऑर्डनन्सची?

परभणीचा माझा भाचा टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा आयटीआय करून यंदा बाहेर पडला आणि एकाच आठवड्यात त्याला दोन बोलावणी आली. एक ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या, म्हणजे लष्करासाठी दारूगोळा-हत्यारं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातल्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपचं, दुसरं संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका टूलरूमचं, म्हणजे डाय (धातू-प्लॅस्टिकला आकार देणारे साचे) बनवणाऱ्या वर्कशॉपचं. "मामा, कुठं जाऊ?" म्हणून फोन आला. मागून ताईचा आवाज येतच होता, "सरकारी सोडू नको म्हणावं त्याला." मी दोन्हीकडचं पाणी प्यायलोय. अप्रेंटिसशिप ऑर्डनन्समध्ये केली आणि पुढची 22 वर्षं वाळूज-चिकलठाण्यात डाय बनवण्यात गेली. जालना, हिंगोली, बीडच्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न पडलेला असतो, म्हणून त्याला सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी ताईच्या "सरकारी" या शब्दाचं बघू. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद झालं आणि त्याच्या 41 फॅक्टऱ्या 7 सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव, चांदा, भंडारा, खडकी, देहूरोड या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या. भुसावळ, अंबाझरी आणि अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. आधीपासून आत असलेल्या कामगारांना तेव्हा केंद्र सरकारच्या सेवाशर्तींवरच प्रतिनियुक्तीवर ठेवलं गेलं. त्यांची पगाराची शिडी चांगली आहे: स्किल्डला मूळ पगार 19,900, हायली स्किल्ड ग्रेड दोनला 25,500, ग्रेड एकला 29,200 आणि मास्टर क्राफ्ट्समनला 35,400. वर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. पण ही शिडी त्यांची झाली. अलीकडं ज्या जाहिराती निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच ठराविक मुदतीच्या कंत्राटाच्या आहेत. तेव्हा जाहिरात हातात पडली की आधी पदाचं नाव आणि मुदत वाचा, पगाराचा आकडा नंतर.

अजून एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना समजावून सांगावी लागते. गावातले ज्या काकांची पेन्शन सगळ्यांना दिसते ते 1 जानेवारी 2004 च्या आधी लागलेले आहेत. त्यानंतर लागलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना ती जुनी पेन्शन नाही.

आणि अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. कायद्यानं फॅक्टरीवर पुढं कामावर घ्यायचं बंधन नाही. माझी अप्रेंटिसशिप संपली तेव्हा "जागा निघतील, थांबा" असं तोंडी सांगितलं गेलं. मी दीड वर्ष गावाकडं कापूस वेचत वाट पाहिली. जागा काही निघाल्या नाहीत. ते दीड वर्ष अजून डाचतं, म्हणून कुणी तोंडी सांगितलं तर थांबू नका एवढं कळकळीनं सांगतो.

तरीही मी भाच्याला आधी ऑर्डनन्सलाच जा म्हणालो. ते का, हे सांगायला मला ऑर्डनन्सच्या त्या टूलरूममध्ये परत जावं लागेल.

मला तिथं पहिले तीन महिने गेजच्या, म्हणजे माप तपासायच्या हत्यारांच्या, बाकावर बसवलं होतं. काडतुसाची पितळी केस कशी बनते ते आधी सांगतो. पितळेच्या चकतीचा कप काढतात, तो डाय आणि तिच्यात दाबला जाणारा पंच यांतून टप्प्याटप्प्यानं ओढून लांब करतात, मधे मधे अनीलिंग करून नरम करतात, मग बूड ठोकतात आणि तोंड आवळतात. प्रत्येक टप्प्याला वेगळा डाय, वेगळा पंच, वेगळा गेज. ही सगळी हत्यारं टूलरूम बनवते. डाय थोडा झिजला की केसची भिंत जाडीला बदलते. केस मापात मोठी राहिली तर बंदुकीच्या चेंबरमध्ये अडकते, आणि ती कुणाच्या हातात अडकणार हे सांगायला नको.

आमचे उस्ताद नांदेडकडचे होते. त्यांनी मला एक प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) लॅपिंगला, म्हणजे घासून शेवटचं बारीक माप आणायला दिला. ग्राइंडिंगनंतर त्यावर सात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मटेरियल शिल्लक होतं. बिडाच्या लॅपला पेस्ट लावायची, गेज हळूहळू फिरवायचा, पुसायचा, मापायचा. मी दहा मिनिटं घासलं, लगेच कंपॅरेटर या बारीक माप घेणाऱ्या उपकरणाखाली धरलं आणि म्हणालो, "उस्ताद, अजून तीन मायक्रॉन काढायचेत." ते म्हणाले, "हात लावू नको. सरफेस प्लेटवर ठेव अन् चहा पिऊन ये." सरफेस प्लेट म्हणजे मापासाठीचा अगदी सपाट पाटा. अर्ध्या तासानं पुन्हा मापलं तर गेज मापात होता. ते तीन मायक्रॉन माझ्या हाताच्या उबेचे होते. 50 मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा 5 अंशांनी तापला की जवळजवळ 3 मायक्रॉननी फुगतो. मी तेव्हाच घासत राहिलो असतो तर गेज भंगारात गेला असता. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश का असतं, हे आयटीआयच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी.

कामगाराच्या हातातला गेज जरा कडक आणि तपासणीवाल्याचा जरा सैल का ठेवतात, तेही तिथंच कळलं. कामगाराकडं पास झालेला जॉब तपासणीत अडकू नये म्हणून. असल्या गोष्टी शिकवायला तिथं माणसाला वेळ असतो. नियमित ड्यूटी आठवड्याला 44 तास 45 मिनिटांची, ड्रॉइंग पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि शेजारच्या बाकावर त्याच कामात केस पांढरे झालेला माणूस. उणी बाजूही तीच. तोच डाय, तोच गेज. पाच वर्षांनी तुम्ही त्या एका कामातले पक्के होता, पण बाहेरचं काम अंगवळणी पडलेलं नसतं. मशीनही सेक्शननुसार जुनी-नवी. मी शिकलो तिथं वायरकटला (तारेच्या ठिणगीनं धातू कापणाऱ्या मशीनला) हात लावायला मिळाला नाही.

वाळूजला याच्या बरोबर उलटं आहे. 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो युनिट उभे राहिले, आणि त्यांना डाय लागतात म्हणून टूलरूम आल्या. इथं एका वर्षात तुम्ही प्रेस टूल, फिक्स्चर, प्लॅस्टिकचा मोल्ड, ॲल्युमिनियमचा डाय-कास्टिंग डाय, सगळं बघाल. डी-टू या पोलादाचा पंच 58-60 एचआरसी इतका कडक करून आणायचा, वायरकटवर डाय कापायची, व्हीएमसी या संगणकी मिलिंग मशीनचा प्रोग्रॅम तपासायचा, निळा रंग (ब्ल्यू) लावून कुठं टेकतं ते बघत डायचे दोन हाफ बसवायचे, ट्रायल काढायची. पण बहुतेक वेळा हे घड्याळाच्या काट्यावर.

एक रात्र सांगतो. पत्र्याच्या ब्रॅकेटला एका बाजूनं बर (कापलेल्या कडेला उरणारा धारदार काठ) यायला लागला, कस्टमरची लाइन सकाळी सहाला चालू व्हायची होती. डाय उघडली. पंचाची एक कड उडालेली आणि क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, एका बाजूला सरकलेला. नवा पंच करायला वेळ नव्हता. कड ग्राइंड करून पंच खाली घेतला, मागं पातळ पट्टीची शिम घातली, डॉवेल (जागा पक्की धरणाऱ्या पिना) ढिले करून कागदाच्या तुकड्यावर कट बघत बघत क्लिअरन्स सारखा केला. पहाटे साडेचारला पहिला साफ पीस निघाला. त्या रात्री जी छाती फुलली तशी ऑर्डनन्समध्ये फुलण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण हेही खरं की तो पंच का उडाला, हे त्या घाईत कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी तीच डाय पुन्हा उघडली.

पगाराचं म्हणाल तर वाळूजमध्ये सुरुवात कमी, पण हात बसला की दर दोन वर्षांनी टूलरूम बदलून पगार वाढवता येतो. डिझाइन वाचून स्वतः डाय जुळवणाऱ्या माणसाला इथं मागणी आहे. मात्र इथला माझा एक जुना घाव आहे. एका मालकानं माझ्या पगाराच्या पावतीवर पीएफ कापलेला दाखवला आणि नऊ महिने तो भरलाच नाही. मला कळलं ते आईच्या ऑपरेशनला पैसे काढायला गेलो तेव्हा. म्हणून पहिल्या महिन्यापासून यूएएनचं (पीएफ खात्याच्या नंबरचं) पासबुक स्वतः उघडून बघा. मूळ पगार किती दाखवतात तेही बघा, कारण 12 टक्के त्यावर कापले जातात. 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड मागून घ्या. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर आहे, तो किती दिवसांनी आणि कसा देतात हे मुलाखतीतच विचारा.

घराचाही विचार आहेच. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही ऑर्डनन्स फॅक्टरी नाही. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं मनमाडमार्गे भुसावळ गाठता येतं, संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याच्या घाटानं. तेही मराठी मुलुखात, बोली जरा वेगळी एवढंच. वाळूजहून मात्र सोयाबीनच्या काढणीला शनिवारी रात्री निघून रविवारी गावात उभं राहता येतं. ज्याच्या घरी बाप एकटा शेत बघतो, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

धोक्याबद्दल ताईनं विचारलं. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या जवाहरनगरला स्फोट झाला, माणसं गेली, म्हणून आई घाबरणारच. पण डाय-गेज बनवणारी टूलरूम आणि दारू भरणारे सेक्शन वेगळे असतात. जाहिरातीत "डेंजर बिल्डिंग वर्कर" लिहिलं असेल तर ते दारू-स्फोटकांच्या सेक्शनचं काम आहे. तो अर्ज टूलमेकरचा समजून भरू नका.

कायमची सरकारी नोकरीच हवी असेल त्यानं डीआरडीओच्या टेक्निशियन-ए पदाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. दहावी आणि आयटीआय लागतं, मूळ पगार 19,900. त्यांची वाहन संशोधनाची संस्था अहिल्यानगरला आहे, बीडपासून काही लांब नाही. स्पर्धा मोठी आहे, पण परीक्षेत ट्रेडवरचे प्रश्नही असतात. आणि ज्याचा लहान भाऊ आत्ता दहावीला आहे, त्यानं आयटीआयच्या आधी चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूमचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा बघून यावा. त्या पोराला पुढं ऑर्डनन्सचं वर्ष घ्यायची गरज नाही.

माझं मत असं. आयटीआय करून हात अजून कच्चा असेल आणि घर एक वर्ष स्टायपेंडवर निभावू शकत असेल, तर ऑर्डनन्सची अप्रेंटिसशिप घ्या, नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट पदरात पाडा आणि परत या. मापाची सवय त्या वर्षात लागते. नंतर वाळूजच्या घाईत ती लावून घ्यायला फुरसत मिळत नाही. वाळूज वर्षभरात कुठं जात नाही. घरात दुसरी कमाई नसेल तर सरळ वाळूजला या, पण टूलरूम निवडताना मालकाच्या केबिनपेक्षा बाकाकडं बघा: सरफेस प्लेट झाकलेली आहे का, स्लिप गेज (मापाचे प्रमाण ठोकळे) डब्यात आहेत का, आणि पन्नाशी ओलांडलेला एक तरी डायमेकर तिथं आहे का.

भाचा सोमवारी निघतोय. ताईचा राग अजून गेलेला नाही, कारण "वर्षानं परत ये" हे तिला पटत नाही. मी त्याला माझा जुना 0-25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर दिलाय आणि शेवटच्या तीन महिन्यांत वाळूजच्या चार टूलरूमना अर्ज टाकायला सांगितलंय, आत जागा निघणार अशी कितीही चर्चा कानावर आली तरी.