सोसायटीच्या पाण्याच्या लाइनवर काय बसवावं: एनआरव्ही, डबल चेक, आरपीझेड की नुसती हवेची फट?

मुंबईत बहुतेक भागांत महापालिकेचं पाणी दिवसातून काही तासच येतं. पाणी गेलं की लाइनमधला दाब उतरतो. अशा वेळी सखल भागात कुणी नळ उघडला किंवा लाइनला थेट पंप लावला, तर इमारतींमधलं पाणी उलटं ओढलं जातं. भांडुपहून शुद्ध होऊन आलेल्या पाण्यात मग आपल्या टाकीतलं, पिंपातलं पाणी मिसळतं आणि पुढच्या पाळीला शेजाऱ्यांच्या नळाला येतं.

प्लंबर आधी एनआरव्ही सुचवेल, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. स्वस्त असतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पंपाच्या डिलिव्हरीवर तर तो हवाच. पण लाइनच्या संरक्षणासाठी एकट्या एनआरव्हीवर विसंबू नका. झडपेत गंजाचा कण अडकला की ती पुरती मिटत नाही, आणि हे बाहेरून कळतही नाही.

डबल चेकमध्ये दोन झडपा एकामागे एक असतात आणि तपासणीसाठी छोटे कॉक असतात. एक झडप बिघडली तरी दुसरी धरते. आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन) त्याहून कडक. दोन झडपांच्या मधल्या भागात दाब कमी ठेवलेला असतो. काही बिघडलं की तिथलं पाणी खालच्या तोंडातून बाहेर सांडतं, लाइनमध्ये परत जात नाही. रसायनं, रक्त, जंतू यांचा संबंध येतो तिथे, म्हणजे हॉस्पिटल, लॅबोरेटरी, डेंटल क्लिनिक, डाइंगचा कारखाना, तिथे आरपीझेडच हवा.

मग सगळीकडे आरपीझेडच का नको? एक तर तो साधारण अर्धा ते पाऊण बार दाब खातो, म्हणजे पाच ते साडेसात मीटर उंचीचं पाणी. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायट्यांना हे परवडणारं नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. आपले मीटर बहुधा जमिनीखालच्या चेंबरमध्ये असतात आणि जुलैत ते चेंबर तुडुंब भरतात. आरपीझेडचं सांडायचं तोंड गटाराच्या पाण्यात बुडालं तर तेच घाण आत घ्यायची वाट होऊ शकतं. हिंदमाता, किंग्ज सर्कलसारख्या भागात तो पुराच्या पातळीच्या वर, उघड्यावर बसवता येत नसेल तर घेऊच नका.

साध्या निवासी सोसायटीला माझा कौल हवेच्या फटीला. तळटाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपचं तोंड टाकीतल्या सर्वांत वरच्या पाणीपातळीपासून पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर हवं, आणि किमान 25 मिमी. 40 मिमीचा पाइप असेल तर 80 मिमी. पाणी आणि तोंड यांच्यात हवा असली की ओढलं जाणार काय? झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही. दाब मात्र तिथेच संपतो, पण गच्चीवर पाणी चढवायला पंप आपल्याकडे असतोच.

आता टॉर्च घेऊन टाकीत बघा. पहाटे पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून बॉल कॉकला पाइपचा तुकडा जोडून तो पार तळापर्यंत सोडलेला असतो. तो आधी कापून काढा. ओव्हरफ्लो पुरेसा मोठा हवा, नाहीतर पाणी फट गिळतं. तो थेट गटाराला जोडलेला नको. जाळी लावून मोकळा सोडा. बोअरवेलची लाइन महापालिकेच्या लाइनला कुठेही जोडलेली नको, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही. टँकरची नळीसुद्धा टाकीत बुडवून ठेवू नका.

चाळीत प्रश्न वेगळा. मोरीतल्या नळाला थेट लाइन असते आणि नळाला लावलेली रबरी नळी पिंपाच्या तळाशी. तिथे नळी पाण्याच्या वर बांधायची सवय हाच पहिला उपाय. जोडीला नळाला व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे उलटी ओढ लागली की हवा आत घेणारी झडप, लावता येतो. सामायिक जोडणीवर डबल चेक घेता येईल, पण वर्षातून एकदा तो तपासून देणारा माणूस आहे का, हे विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा.

तळमजल्यावर क्लिनिक असलेल्या इमारतीने मात्र फक्त क्लिनिकच्या फाट्यावर आरपीझेड बसवावा, तोही मुख्य लाइनला हात न लावता. मीटरपाशी काहीही बदलायचं असेल तर वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्याला विचारून, लायसन्स असलेल्या प्लंबरकडूनच करून घ्या.