कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम : आपल्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर हीच घ्या

प्रेमाचे फोटो म्हटलं की आमच्या सांगलीत सगळे थेट प्रीवेडिंगवर येतात, हरिपूरचा संगम नाहीतर आयर्विन पूल, आणि ते फोटो छानच येतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरात, गोठ्यात, कारखान्यात माणसं न बोलता एकमेकांना जीव लावत असतात ना, ते टिपायला मी ही लेन्स बरीच वर्षं वापरतोय आणि तेवढ्यासाठीच हा रिव्ह्यू.

माहिती पटकन सांगतो. २०१५ ला आली, वजन १६० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला बसणारा भाग) धातूचा, झूम नाही, क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लावली की ८० एमएमसारखी, म्हणजे अजून जवळचं दिसते. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम करून ५५ ला नेली की एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), ही १.८ पर्यंत उघडते म्हणजे नऊपटीहून जास्त उजेड आत येतो, त्यामुळं स्वयंपाकघरातल्या एका बल्बवर सुद्धा फ्लॅशशिवाय काम होतं. आणि हे लय महत्त्वाचं आहे बरं का, कारण फ्लॅश उडाला की नातवाला भरवणारी आजी लगेच पदर सावरून ताठ बसते आणि आपल्याला जे हवं होतं ते तिथंच संपतं.

आता खरा मुद्दा. सगळे ही लेन्स ब्लरसाठी घेतात आणि कायम १.८ वरच ठेवतात. अहो पण प्रेमाच्या फोटोत बहुतेक वेळा दोघं असतात! क्रॉप बॉडीवर दोन मीटरवरून १.८ ला जेमतेम ११ सेंटिमीटर एवढंच शार्प येतं, म्हणजे आईचे डोळे शार्प आणि तिच्या मागं वाकून वेणी घालणारी लेक धूसर. एफ ४ ला तेच २४ सेंटिमीटर होतं, दोघी येतात, मागची भिंत तरी मऊच राहते. एकटा माणूस असेल तर १.८, दोघं असतील तर ४, मी असंच करतो आणि तुम्हीही करून बघा.

बेंदराच्या (आमच्याकडचा बैलपोळा) आदल्या संध्याकाळी शेजारच्या अण्णांच्या गोठ्यात गेलो होतो, खांदेमळणी चालली होती. वर्षभर जू बसून बैलाच्या खांद्यावर जो घट्टा पडतो त्यावर अण्णा हळद-लोणी चोळत होते, सावकाश, अंगठ्यानं गोल गोल, आणि बैलानं मान खाली सोडून डोळे अर्धे मिटलेले. अण्णांना घरात कुणाशी दोन शब्द गोड बोलताना मी ऐकलेलं नाही, बैलाशी मात्र सारखं पुटपुटणं चालू होतं. एफ ४, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, हात आणि बैलाचा डोळा दोन्ही शार्प. माझ्याकडं जोडप्यांचे खूप फोटो आहेत पण त्यातला एकही याच्या जवळ जात नाही.

दुसरा फोटो मिरजेचा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हापासून फोटोवाल्यांची ये-जा वाढलीय, पण बहुतेक जण भोपळ्यांची रांग टिपून निघून जातात. तुम्ही जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर जमवताना, थांबा. मुलगा घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानस मारून किंचित घासतो, तार छेडतो, आणि वडील डोळे मिटून तंबोऱ्याजवळ कान नेऊन नुसती मान हलवतात, नाही, अजून, अजून, परत घास. त्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून हात पोराचे आणि कान बापाचे, असं काम चालतं तिथं. ही लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस धरते, त्यामुळं तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा आणि त्यावरची बोटं फ्रेमभर घेता आली. फोकसच्या मोटरचा आवाजही अगदी कमी, जवारी ऐकत बसलेल्या माणसांना त्रास नको ना.

मर्यादा पण आहेत. लहान खोलीत क्रॉप बॉडीवर फार टाईट पडते, मागं सरकायला जागाच नसते, तिथं २४ एमएम एफ २.८ पॅनकेक (चपटी लेन्स) बरी. स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) नाही, मी शटर १/१२५ च्या खाली नेत नाही. मॅन्युअल फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असेल तर नुसतीच फिरते.

अजून एक, आधी विचारा, मग काढा, आणि प्रिंट नेऊन द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो इतर मेसेजांखाली दबून जातो, अण्णांनी पाच बाय सातची प्रिंट गोठ्याच्या खुंटीवर लावलीय.

कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेणार असाल तर ही लेन्स बसवायच्या अडॅप्टरच्या भानगडीत न पडता सरळ आरएफ माउंटची ५० एमएम एफ १.८ घ्या, वजन तेवढंच आणि ती ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. कॅननची जुनी डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) घरात पडून असेल तर मात्र हीच, आणि सेकंडहँड घेताना दुकानातच लावून जवळ-लांब फोकस करून बघा.