सागवानी आरशाची चौकट, कुसू-खाचेच्या सांध्यांची: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

पुण्यातला मे आणि जुलै लाकडी चौकटीची खरी परीक्षा घेतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानात बसवलेला 2 × 3 फुटी आरसा दोन्हीतून गेला आणि चारही कोपरे अजून घट्ट आहेत. याचं श्रेय कुसू-खाचेच्या सांध्याला: एका पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ (कुसू) दुसऱ्या पट्टीतल्या खाचेत बसते. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. 60 मिमी रुंद पट्टीत ऋतूंमध्ये अर्धा मिमी फरक सहज पडतो. 45 अंशांच्या मायटर कोपऱ्यात, म्हणजे दोन्ही पट्ट्या तिरक्या कापून जोडलेल्या कोपऱ्यात, त्यानेच कोन बिघडतो: कोरड्या हवेत फट आतून उघडते, दमट हवेत बाहेरून.

पट्ट्या 60 × 25 मिमी. मागून पताम (आरसा बसण्यासाठी आतल्या कडेला कोरलेली पायरी) 10 मिमी रुंद, 12 मिमी खोल: 4 मिमी आरसा, 6 मिमी प्लाय, उरलेली जागा मऊ पट्टीला. कुसू 8 मिमी जाड, 40 मिमी लांब. सगळ्यात जास्त चुकतं ते खांद्यांपाशी, म्हणजे कुसवाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना राहणाऱ्या सपाट कडांपाशी. पतामामुळे उभ्या पट्टीची मागची कड 10 मिमी आत गेलेली असते, म्हणून आडव्या पट्टीचा मागचा खांदा पुढच्यापेक्षा 10 मिमी पुढे, कुसवाच्या टोकाकडे, आखावा लागतो. दोन्ही खांदे एका रेषेत कापले तर मागे कोपऱ्यात भोक राहतं आणि ते बुजवणं कधीच नीट जमत नाही.

उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना 20 मिमी जास्त ठेवा. पटाशीने खाच पाडताना टोक फुटत नाही. जादा भाग सांधा चिकटल्यावर कापायचा. बांबूची 6 मिमी खुंटी मारताना कुसवातलं छिद्र खाचेच्या छिद्रापेक्षा खांद्याकडे 1 मिमी सरकवून पाडलं की खुंटी सांधा स्वतःच ओढून घेते. त्याहून जास्त सरकवलं तर खुंटी तुटू शकते.

आरशाभोवती दर बाजूला 2 मिमी मोकळी जागा हवीच. आणि पतामाची आतली बाजू आधी काळी रंगवा! काचेच्या जाडीमुळे ती कड आरशात दिसते, कोरं लाकूड पांढुरकं उठून दिसतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मागे लावू नका, ते आरशाचा मुलामा खातं, न्यूट्रल घ्या.

जवसाच्या तेलाचा हात दिसायला सुरेख, पण बेसिनजवळ खालची पट्टी लवकर फिकी पडते, तिथे पुन्हा तेल द्यावं लागतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात; पसरून वाळवा.

काच साडेपाच किलो, चौकट आणि प्लाय धरून एकूण अकराच्या आसपास. नव्या इमारतींतल्या एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंतीत स्क्रूसाठीची साधी गिट्टी हळूहळू ढिली होते, त्यासाठीचा खास अँकरच वापरा.