दारातल्या अॅल्युमिनियमच्या पूरफळ्या: जुन्या दगडी इमारतींना कितपत कामाच्या?

कोलोरॅडोतलं मॅनिटू स्प्रिंग्ज पाइक्स पीकच्या पायथ्याशी, सुमारे 1,950 मीटर उंचीवर आहे. फाउंटन क्रीकचा ओढा गावातूनच वाहतो आणि जुन्या इमारती त्याच्या काठाला खेटून उभ्या आहेत. जून 2012 मध्ये वॉल्डो कॅन्यनचं रान पेटलं. करपलेली माती पाणी पीत नाही. त्यामुळे 2013 च्या जुलैत आणि पुन्हा 9 ऑगस्टला विल्यम्स कॅन्यनमधून चिखल नि ओंडके घेऊन लोंढा थेट कॅनन अॅव्हेन्यूवर उतरला. डोंगरातला ओढा असा मिनिटांत चढतो. पूरफळ्या म्हणजे पुराच्या वेळी दाराच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांत एकावर एक बसवायच्या, रबरी पट्टीने फट बुजवणाऱ्या फळ्या. त्यांची खरी परीक्षा अशाच गावात.

वाळूच्या पोत्यांशी तुलना केली तर फळ्या सरळ जिंकतात. दोन माणसं तासभर राबली तर शंभर पोती भरून रचून होतात, आणि त्यातून उभी राहते जेमतेम 6 मीटर लांब, 30 सेंटीमीटर उंच भिंत. तेवढ्या वेळात ओढा येऊन गेलेला असतो. फळ्यांचा हात बसला की एक दार पाच-दहा मिनिटांत बंद होतं. शिवाय फळ्या काढल्या की दर्शनी भाग पूर्वीसारखाच दिसतो. वारसा इमारतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

फळ्या सहसा चांगल्याच असतात. घोळ होतो तो त्या बसतात त्या जागेत. शंभर वर्षांच्या वर्दळीने दगडी उंबरठा मधोमध झिजलेला असतो. त्यावर पाणसळ ठेवून बघा. झीज रबरी पट्टी दबण्याच्या मापापेक्षा जास्त असेल तर पाणी खालूनच आत येणार. तिथे स्टेनलेस स्टीलची सपाट पट्टी बसवून घ्यावी. उभ्या खाचांचे बोल्ट दगडात ठोकू नयेत, दोन दगडांमधल्या सांध्यांत, म्हणजे दरजांमध्ये घ्यावेत. मऊ वालुकाश्मात फुगणारा बोल्ट आवळला की कोपराच उडतो. दरजा भरायच्या त्या चुन्यानेच. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि पुढे दगडाचे पापुद्रे सुटतात.

रुंद दाराच्या दुकानाला फळ्या धरायला मधे काढता-घालता येणारा खांब लागतो. त्याच्या जमिनीतल्या खोबणीचं झाकण हरवलं की खोबण मातीने भरते आणि ऐन वेळी खांब उतरत नाही. दोन झाकणं जादा घ्या आणि एक पातळ खुरपणी दाराजवळच टांगून ठेवा.

उंची मात्र 90 सेंटीमीटरच्या वर घेऊ नका. एक मीटर रुंदीच्या फळ्यांवर 60 सेंटीमीटर पाण्याचा रेटा सुमारे 180 किलो, 90 ला 400, आणि 120 ला 700 च्या पुढे. तो सगळा भार सळई नसलेल्या जुन्या भिंतीवर येतो. पाणी त्याहून चढलं तर ते फळ्यांवरून आत आलेलंच बरं. आतबाहेर पातळी सारखी झाली की भिंत वाचते. म्हणूनच चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या ठिकाणी आमचं मत वेगळं आहे. तिथे 2005 ला आणि 2021 ला पाणी शिरलं. वाशिष्ठी नदीचं पाणी पुरुषभर चढतं, तिथे फळ्यांवर खर्च करण्याऐवजी पुस्तकं वरच्या मजल्यावर न्यावीत.

फळ्या दार अडवतात, मोरी अडवत नाहीत. सांडपाण्याच्या नळाला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह नसेल तर संडासातूनच घर भरतं. तळघराचे झरोके, तळघरात कोळसा टाकायची जुनी भोकं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत हेही तपासा. थोडं झिरपणार हे धरूनच चाला. इमारतीत पाणी शिरू न देण्याच्या अमेरिकेतल्या निकषात 24 तासांत 10 सेंटीमीटरपर्यंत पाणी साचलेलं चालतं. त्यासाठी पंप हवा, आणि तो बॅटरीवरचा, कारण वीज आधी जाते.

फळ्यांवर दारवार आकडे रंगवा. रबर उन्हात किंवा दाबून ठेवू नका, चपटं झालेलं रबर परत फुगत नाही. दरवर्षी पावसाआधी एकदा सगळं लावून, नळीने पाणी मारून बघा.

पूर ओसरल्यावर तळघर एका दमात उपसू नका. बाहेरची माती भिजून जड झालेली असते, आतलं पाणी गेलं की तीच भिंत आत ढकलते. आधी 30 सेंटीमीटर उपसा, भिंतीवर खडूने खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर आणखी एक दिवस वाट बघा.