सव्वानऊ लाखांची ५२०डी आणि कागदावर नसलेला माणूस

गाडी २०१३ची बीएमडब्ल्यू ५२०डी. पांढरी, दिल्ली पासिंग, मीटरवर ६१,४८२. मागितले साडेदहा, ठरले सव्वानऊ लाख. घेणारा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार, विकणारा विजापूर रोडवर शेडमध्ये आठ-दहा गाड्या लावून बसलेला डीलर. व्यवहार एप्रिल २०२३चा. त्यानंतर गाडीवर आणखी सव्वातीन लाख गेले आणि ती अजून एमएच-१३, म्हणजे सोलापूर पासिंग, झालेली नाही. नावं लिहीत नाही, कारण शेड बदललं तरी पद्धत हीच असते.

घेणारा भोळा नव्हता. सोबत वीस वर्षं इनोव्हा-स्कॉर्पिओ उघडणारा मिस्त्री होता. मिस्त्रीने सवयीप्रमाणे दरवाज्याला लोहचुंबक लावला. तो चिकटला नाही. "मालक, अख्खा दरवाजा पुट्टीने भरलाय की ओ." डीलर चिडला नाही. त्याने शांतपणे बॉनेटला चुंबक लावून दाखवला, पुढच्या फेंडरला लावला, तिथेही चिकटला नाही. मग मागच्या फेंडरला लावला, खट्ट चिकटला. या पिढीच्या फाइव्ह सिरीजचे दरवाजे, बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, असं त्याने सांगितलं. ते शंभर टक्के खरं आहे. आणि तिथेच सौदा त्याच्या बाजूला झुकला. मिस्त्री ओशाळून गप्प झाला, कारखानदाराला वाटलं की या माणसाला गाडीतलं कळतं आणि तो खरं बोलतो. पुढचं सगळं त्याच्या शब्दावर झालं.

अशा गाडीला चुंबकाचा उपयोग नाही. पेंटची जाडी मोजणारं मीटर लागतं, तेही ॲल्युमिनियमवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५०-३००च्या पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलाय, ५००च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. एखादा दरवाजा रंगवलेला निघाला म्हणून व्यवहार मोडायची गरज नाही, शहरात गाडी घासतेच. छताला आणि खांबांना जादा आकडा आला तर मात्र तिथून निघावं.

आता मीटर. ६१ हजार हा आकडा फार विचार करून ठेवलेला असतो. दहा वर्षांच्या गाडीला २० हजार दाखवले तर कुणी विश्वास ठेवत नाही, दीड लाख दाखवले तर गिऱ्हाईक येत नाही. मग गोष्ट तयार असते: "डॉक्टरची गाडी, घर ते दवाखाना, वापर नाहीच बघा." या गाडीच्या स्टिअरिंगला नवं लेदर होतं, ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेला रंग मारला होता आणि ब्रेक पेडलचं रबर कोरं होतं. ६१ हजार चाललेल्या गाडीचं पेडल रबर बदलायची वेळच येत नाही. ते नवं दिसलं म्हणजे जुनं कुणाला तरी लपवायचं होतं.

या मॉडेलमध्ये किलोमीटरचा आकडा मीटरच्या क्लस्टरमध्ये असतो आणि चावी ओळखणाऱ्या मॉड्यूलमध्येही असतो. दोन आकडे जुळले नाहीत तर मीटरवर लाल ठिपका पेटतो. म्हणून हे काम करणारे दोन्हीकडचा आकडा बदलतात, ठिपका पेटत नाही आणि घेणारा निश्चिंत होतो. पण ते एक गोष्ट विसरतात. या गाड्यांत प्रत्येक बिघाडाची नोंद होताना त्या क्षणीचे किलोमीटरही सोबत लिहिले जातात. डीलरने इंजिनच्या बिघाडांच्या नोंदी, म्हणजे कोड, पुसले होते. पार्किंग सेन्सरच्या मॉड्यूलमध्ये मागच्या बंपरचा एक सेन्सर बंद पडल्याची जुनी नोंद तशीच राहिली होती. पुण्यात गाडी रॅम्पवर घेऊन पूर्ण स्कॅन लावला, तेव्हा त्या नोंदीपुढे आकडा होता १,४३,२०८. बिघाड १ लाख ४३ हजाराला झाला आणि मीटर अजून ६१ हजारांवर!

हे सव्वानऊ लाख देण्याआधी हजार-दोन हजारांत कळलं असतं. मात्र ऑनलाइन मिळणारं, गाडीला लावून फोनवर कोड दाखवणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल पुरत नाही, ते बहुधा फक्त इंजिन वाचतं. गिअरबॉक्स, एअरबॅग, सीट, पार्किंग, एसी असे सगळे मॉड्यूल वाचणारं यंत्र हवं. साधं डोंगलच हाताशी असेल तर त्यातही एक नोंद बघण्यासारखी असते: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तिथे ४ किंवा ७ किलोमीटर दिसले तर तुम्ही येणार म्हणून सकाळीच कोड पुसलेत. गाडी नाकारायला एवढंही पुरे.

आता चेन. ५२०डीच्या त्या काळातल्या गाड्यांत एन४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारी साखळी, इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन ताणली किंवा तिचे प्लास्टिकचे गाईड झिजले की मागून खरखर येते. दुर्लक्ष केलं तर चेन तुटते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. मूळ भाग इतका महाग नाही, महाग आहे तिथपर्यंत पोचणं. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बरेच मेकॅनिक अख्खं इंजिनच खाली घेतात. ऑईल २५ हजार किलोमीटरला बदलणाऱ्या मालकांच्या गाड्यांत ही झीज लवकर येते. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत चालणाऱ्या गाडीचं ऑईल १० हजाराच्या आत बदललेलं बरं.

आवाज थंड इंजिनला सगळ्यात स्पष्ट येतो, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतात. त्यावर सगळे सांगतात, बॉनेटला हात लावून बघा. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता कुठल्याही गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा, चटका बसेल. महिनाभर बंद असलेल्या गाडीलासुद्धा. त्यापेक्षा स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी बघावं. इंजिन रात्रभर बंद असेल तर दोन्ही जवळपास सारखे असतात. हवा ३६ आणि कूलंट ७१ असेल तर गाडी नुकतीच फिरून आलीय. किंवा सरळ सकाळी सहाला, न सांगता जावं. सुरू झाल्यावर बॉनेटपाशी उभं राहू नका. ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूने, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, दिशेने कान लावा आणि आरपीएम १,५०० ते २,००० ठेवायला सांगा. शंका आली तर ऑईल फिल्टरचं झाकण काढून जुना फिल्टर बघायचा. घड्यांत प्लास्टिकचे काळे-तपकिरी कण किंवा चकाकणारी धूळ दिसली तर चेनचे गाईड झिजताहेत.

टेस्ट ड्राईव्ह सात रस्त्यापर्यंत जाऊन परत, एवढी झाली होती. एवढ्यात एसी गार होतो, बाकी काही कळत नाही. आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पूर्ण तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तुळजापूरपर्यंत न्यावी, घाटात चढवावी, उतरताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो का बघावं. "या गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभर चालतं" हे वाक्य ऐकायला मिळेलच. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑईल बदला म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो.

या गाडीचा हिशेब: चेनचं काम १ लाख ९० हजार, चार रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) टायर ९० हजार, गिअरबॉक्सचा पॅन आणि ऑईल ४५ हजार.

आणि तरीही हा सगळा खर्च परवडला म्हणायची वेळ कागदांनी आणली.

दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश होता, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. त्यामुळे तेव्हा नववं-दहावं वर्ष लागलं की तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या पडत्या भावात दक्षिणेकडे येत. यात गैर काही नव्हतं, चांगल्या गाड्याही येत. पण ही गाडी ऑगस्ट २०१३ची, म्हणजे व्यवहार झाला तेव्हा दहा वर्षं भरायला चारच महिने होते. घाई डीलरला होती, दाखवली मात्र गिऱ्हाइकाला: "उद्या पुण्याचा माणूस येतोय."

एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडे नोंदवायला मूळ आरटीओ देतं ते ना-हरकत पत्र, फॉर्म २८, हातात दिली होती. ती खरी होती, शिक्का खरा होता. फक्त ती दुसऱ्याच राज्यातल्या एका आरटीओच्या नावाने काढलेली होती. एनओसी ज्या कार्यालयासाठी काढली त्याच कार्यालयाला चालते. सोलापूरला नोंदणी करायची तर तीवर सोलापूरचंच नाव हवं. ती बदलून आणायला नोंदणीकृत मालकाची सही लागते, आणि तो मालक दिल्लीत, फोन उचलत नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर त्याच्या सह्या होत्या, बाकी रकाने कोरे. त्या कोऱ्या रकान्यांमुळे सगळ्यांना वाटलं की काम सोपं झालं.

बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ होता, पण सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर कर्जाची नोंद अजून दिसत होती. कागद काहीही म्हणो, पोर्टलवर बोजा दिसतोय तोवर गाडी बँकेकडे गहाण आहे असंच धरायचं. बँकेच्या पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका, तो नंबर छापणाराही तोच असू शकतो. बँकेच्या वेबसाइटवरून शाखेचा नंबर शोधा.

कराचं तर कुणी बोललंच नव्हतं. "पासिंगला पंचवीस-तीस हजार धरा," एवढंच. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला एकरकमी कर १५ टक्के आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशेब सुरू होतो मूळ बिलाच्या किमतीपासून, तुम्ही दिलेल्या सव्वानऊपासून नाही. त्यामुळे रक्कम लाखांत जाते. गाडी बघायला जाण्याआधी मूळ बिलाची प्रत घेऊन आरटीओत कर विचारून यावं. परराज्याचा नंबर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ बघा.

पैसे कसे दिले? सव्वाचार लाख रोख, पाच लाख बँकेतून, तेही डीलरच्या "पार्टनर"च्या बचत खात्यात. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा झाला. त्यात विकणारा म्हणून दिल्लीचा मालक, घेणारा कारखानदार, आणि "गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली" हे वाक्य. ज्याने चुंबक लावून दाखवला, चहा पाजला, पैसे मोजून घेतले, त्या माणसाचं नाव एकाही कागदावर नाही. पोलिसांत गेल्यावर त्याने एवढंच सांगितलं, "मी फक्त ओळख करून दिली."

यावर उपाय नेमका त्याच महिन्यात लागू झाला होता. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९-बी. मालकाने गाडी डीलरकडे दिली की फॉर्म २९-सीने पोर्टलवर तशी नोंद होते, आणि तिथून पुढे त्या गाडीचा मालक डीलर समजला जातो. एनओसी, हस्तांतरण हे अर्ज तो स्वतः करू शकतो, आणि जबाबदारीही त्याचीच. तेव्हा शेडमध्ये शिरल्यावर बॉनेट उघडायच्या आधी २९-बी मागा. "ते आपल्याकडे चालत नाही" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत फिरावं. पैसे त्याच्या फर्मच्या चालू खात्यात, आणि दोन-तीन लाख एमएच-१३चं आरसी हातात पडेपर्यंत मागे ठेवावेत. खरा धंदा करणारा कुरकुर करेल, पण ऐकेल.

ऑडी क्यू७, मर्सिडीजची जीएल किंवा एस-क्लास बघणाऱ्यांनी एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे, असेल तर आणखी एक चाचणी करावी. संध्याकाळी सपाट जागेवर गाडी लावून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, सकाळी सुरू न करता पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर खाली बसला असेल तर रबराच्या घडीत चीर आहे. ती चीर कॉम्प्रेसरलाही खाते, कारण गळती भरून काढायला तो सतत चालत राहतो. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मुळाशी गाळाची रेघ आहे का बघा, आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला कार्पेट उचला. बीएमडब्ल्यूत बॅटरी तिथेच मागे असते. तिच्या आजूबाजूच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी दिसली की पुढे काही बघू नका.

दाद मागायची असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच दावा चालतो, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो, मुदत दोन वर्षं. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. अडचण एकच: समोरचा धंदा म्हणून गाड्या विकतो हे दाखवता यायला हवं, दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार तिथे टिकत नाही. या प्रकरणात ते दाखवणारी एकच गोष्ट होती, त्याची व्हॉट्सॲपवरची जाहिरात आणि "६१ हजार ओरिजिनल, गॅरंटी माझी" हा आवाजी निरोप. निरोप त्याने महिन्याभराने सगळ्यांसाठी डिलीट केला. कारखानदाराच्या मुलाने तो आधीच दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवला होता, म्हणून वाचला. असा पुरावा आयोगात द्यायचा तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोनही मागितला जाऊ शकतो. निकाल लागेपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.